कोरफड : गर ठेवा, चीक सांडा



राजगडाच्या पायथ्याचे पाली हे गाव तुम्हांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. गडाच्या पाली दरवाज्याला याच गावाचे नाव आहे. पूर्वीच्या वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातील आणि शेजारच्या भोर तालुक्यातील ही मावळपट्टी भाताची. जूनपासून सप्टेंबरपर्यंत येथे आभाळ गळत असते आणि खाचरे तुडुंब भरलेली असतात. अशा गावांत घरोघर हिंडताना एक गोष्ट नेहमी दिसते. बहुतेक घरी कोरफड आहे, पण निम्म्या घरी ती पिवळी, मलूल आणि बुडाशी सडलेली आहे. त्याच घरांच्या चौकटीवर नजर लागू नये म्हणून उलटी टांगलेली कोरफड मात्र माती-पाण्यावाचून महिनोन् महिने हिरवी राहते.

असे का होते, हे ज्याला कळले त्याला कोरफडीची निम्मी निगा कळली. उरलेली निम्मी गोष्ट पान कापल्यानंतरची आहे आणि ती जास्त महत्त्वाची आहे. कोरफडीच्या एकाच पानात दोन वेगळे पदार्थ असतात. एक अंगाला सुख देतो, दुसरा पोटात गेला तर जुलाब लावतो. आपल्याकडे घरातल्या लेकराला, गरोदर सुनेला, म्हाताऱ्या माणसाला 'झाडपाला आहे, अपाय काय व्हायचा' असे म्हणून संपूर्ण पानाचा रस पाजला जातो. ते थांबावे, हा आजच्या लेखाचा मुख्य हेतू.

आधी झाड ओळखा

कोरफड आणि घायपात यांत पुष्कळांची गल्लत होते. घायपात आपल्या बांधावर, कुंपणाला असते. तिच्यापासून वाख निघतो आणि वाखाचे दोर वळतात. तिच्या पानाच्या टोकाला सुईसारखा कडक काटा असतो. पान मोडू गेले तर सहज मोडत नाही, आत दोरे दोरे असतात. तिचा रस अंगाला लागला तर खाज सुटते, फोड येतात. घायपात आयुष्यात एकदाच उंच खांबासारखा दांडा टाकून फुलते आणि मग मरते.

कोरफडीचे पान मांसल आणि ठिसूळ. कडेला बारीक, बोथट दाते असतात, पण टोकाला सुई नसते. पान कापले की आत पारदर्शक गर दिसतो, दोरे दिसत नाहीत. कोवळ्या रोपाच्या पानांवर पांढरे ठिपके असतात, झाड मोठे झाले की ते बहुधा जातात. घरगुती औषधाची कोरफड पिवळी फुले देते आणि मोठे झाड वर्षावर्षाला फुलते. शहरातून आणलेल्या कुंड्यांत शोभेच्या निरनिराळ्या जाती असतात. त्या दिसायला कोरफडीच्या बहिणी असल्या तरी त्यांचा गर अंगाला लावू नये. झाडाविषयी शंका असेल तर ते शोभेला ठेवावे, वापरू नये.

कोरफडीला संस्कृतात कुमारी किंवा घृतकुमारी म्हणतात, हिंदीत घीकुंवार आणि राजस्थानात ग्वारपाठा. तिचे मूळ घर अरबस्तानातील कोरड्या, खडकाळ डोंगरांत आहे. व्यापाराबरोबर ती जगभर गेली आणि आपल्याकडे इतकी रुळली की परकी वाटतच नाही. पण स्वभाव तिने सोडलेला नाही. खडकाच्या फटीत, उन्हात, थोड्या पाण्यावर जगायचे हा तो स्वभाव.

टांगलेली कोरफड का जगते

बहुतेक झाडे दिवसा पानांची छिद्रे उघडून हवा घेतात. उन्हात छिद्रे उघडी असल्याने पानातले पाणीही उडून जाते. कोरफड उलटे करते. दिवसा ती छिद्रे मिटून बसते आणि रात्री गारव्यात उघडते. रात्री घेतलेली हवा ती आंबट द्रवाच्या रूपाने पानात साठवते आणि दुसऱ्या दिवशी सूर्यप्रकाशात तिच्यापासून अन्न तयार करते. त्यामुळे तिचे पाणी फार थोडे खर्च होते. शिवाय पानातला गर म्हणजे जवळजवळ सगळे पाणीच. शंभर भागांत अठ्ठ्याण्णव भागांहून अधिक पाणी असते. चौकटीला टांगलेले झाड या साठ्यावर जगते. पाने हळूहळू पातळ होत जातात, पण झाड मरत नाही.

याचा उलट अर्थही ध्यानात घ्यावा. जिच्या पोटात आधीच पाणी आहे, तिच्या मुळाशी रोज तांब्या ओतला तर मुळांना श्वास घेता येत नाही. ती कुजतात आणि कूज वर बुडख्यात चढते. उन्हाने सुकलेली कोरफड पुन्हा उभी करता येते. पाण्याने कुजलेली सहसा वाचत नाही.

जागा आणि माती

परसात मोरीचे पाणी जाते तेथे कोरफड लावण्याची आपल्याकडे चाल आहे. ती मोडावी. मोरीच्या पाण्यावर केळ लावा, अळू लावा. कोरफडीला उंचवटा द्या. दगडी जोत्याच्या कडेला, बांधाच्या माथ्यावर किंवा तीन-चार दगड रचून केलेल्या छोट्या ओट्यावर ती छान येते. सकाळचे ऊन चार-पाच तास मिळावे. दुपारच्या कडक उन्हाने पाने तांबूस होतात. त्याने भिऊन जाण्याचे कारण नाही, सावली व थोडे पाणी मिळाले की पुन्हा हिरवी होतात. उलट अंधाऱ्या पडवीत ठेवलेल्या झाडाची पाने लांबट, फिकी होऊन जमिनीवर लोळतात.

आपल्या मावळात कुंडीतील कोरफड सर्वांत सोयीची, कारण पावसाळ्यात ती उचलून आत घेता येते. विकतची कुंडी पाहिजेच असे नाही. फुटके मडके, जुना पत्र्याचा डबा, गळके घमेले, काहीही चालते. मात्र तळाला तीन-चार भोके पाहिजेत. मुळे खोल जात नाहीत, पसरतात, म्हणून भांडे खोल असण्यापेक्षा रुंद असावे.

खाचराची चिकण माती कुंडीत भरू नये. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की विटेसारखी होते. तळाला फुटक्या कौलांचे तुकडे किंवा खापऱ्या दोन बोटे पसराव्यात. वर दोन भाग माळाची भुसभुशीत माती, एक भाग ओढ्याची जाड वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण भरावे. पाणी घालून पाहावे. ते थोड्याच वेळात खालच्या भोकांतून बाहेर आले तर मिश्रण चांगले. वर तळे साचून राहिले तर आणखी वाळू मिसळावी.

लावणी

कोरफड पिल्लांपासून लावतात. मोठ्या झाडाच्या बुडाशी जी लहान रोपे फुटतात त्यांना चार-पाच पाने आली, ती वीतभर उंच झाली की मुळासकट अलगद वेगळी करावीत. पान खुपसून रोप होत नाही. तसे लावलेले पान बहुधा सडून जाते.

पिल्लू काढले की लगेच मातीत घालू नये. दोन-तीन दिवस सावलीत उघडे ठेवावे, म्हणजे तुटलेल्या जागेवर कोरडी खपली धरते आणि कूज आत शिरत नाही. मग लावावे आणि लावल्यावरही चार-पाच दिवस पाणी देऊ नये. हे पुष्कळांना जड जाते. लावले की पाणी घालायचे हा आपला भाताचा हात. पण येथे तो आवरला पाहिजे.

लावणीचा आपल्याकडचा चांगला काळ म्हणजे पाऊस ओसरल्यावर, नवरात्राच्या सुमारास. जमिनीत ओल असते, ऊन असते आणि पुढे आठ महिने रोपाला मूळ धरायला मिळतात. दुसरा काळ फेब्रुवारी-मार्चचा. आषाढ-श्रावणात मात्र लावू नये. जमिनीत लावायची तर दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवावे.

वर्षातून दोनदा, एकदा पावसाळा संपल्यावर आणि एकदा होळीच्या आधी, मूठभर कुजलेले शेणखत मुळाभोवती घालावे. युरिया घालू नये. त्याने पाने पाणचट व मऊ होतात आणि लवकर सडतात. बुडाशी पिल्लांची गर्दी झाली तर काही काढून शेजारी द्यावीत.

पाणी आणि पावसाळा

पाणी देण्यापूर्वी बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. साधारणपणे कुंडीला उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, हिवाळ्यात दोन ते तीन आठवड्यांनी एकदा भरपूर पाणी पुरते. रोज थोडे थोडे शिंपडण्याने वरची माती ओली राहते, तिच्यावर बुरशी येते आणि खालची मुळे मात्र कोरडी राहतात. पाणी मुळाशी घालावे, पानांच्या मधल्या पेल्यात साचू देऊ नये.

मृग लागण्यापूर्वी कुंड्या ओसरीवर किंवा पडवीत, उजेड येईल अशा बाजूला घ्याव्यात. वळचणीखाली ठेवायच्या असतील तर पागोळीच्या आत ठेवाव्यात. कौलांवरून पडणारी पागोळी थेट झाडात पडली तर आठवडाभरात मधला कोंब जातो. चार महिने पाणी जवळजवळ देऊच नये, हवेतली ओल पुरते. जमिनीतल्या झाडाभोवती माती चढवून उंचवटा करावा आणि पाणी निघून जायला चर काढावा.

इतके करूनही बुडखा मऊ लागला, वास आला, तर वाट पाहू नये. झाड उपटून सडलेला भाग धारदार सुरीने पांढऱ्या निरोगी भागापर्यंत कापून टाकावा. उरलेला शेंडा आठवडाभर सावलीत वाळू द्यावा आणि कोरड्या वाळूमिश्रित मातीत लावावा. पुष्कळदा त्याला नवीन मुळे फुटतात. पानांवर तपकिरी खोलगट डाग दिसले तर ती दमट हवेतली बुरशी असते. डागाळलेली पाने काढून दूर टाकावीत आणि कुंड्यांत अंतर ठेवावे. पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे दिसले तर तो पिठ्या ढेकूण. साबणाच्या पाण्यात फडके भिजवून पुसून काढावा. घरात वापरायच्या झाडावर शेतातले विषारी औषध मुळीच फवारू नये.

पान कसे कापावे

झाड वर्षाचे झाल्याशिवाय पान तोडू नये. नेहमी खालचे, बाहेरचे, जाड पान घ्यावे. मधली कोवळी पाने तोडल्याने झाड खुरटते. एका वेळी दोन-तीनपेक्षा अधिक पाने काढू नयेत.

आता या लेखातला मुख्य मुद्दा. पान बुडाशी कापले की कापलेल्या जागेतून पिवळसर, कडू द्रव ठिबकतो. तो चीक. तो सालीच्या लगेच आतल्या थरात असतो. त्याच्या आत, पानाच्या मधोमध काचेसारखा जो भाग आहे तो गर. चीक कडू, पिवळा आणि जोरदार रेचक. गर बिनरंगी आणि जवळजवळ बेचव.

कापलेले पान बुडखा खाली करून एखाद्या वाटीत अर्धा तास तिरपे उभे ठेवावे, म्हणजे चीक निथळून जातो. वाटीतला चीक सांडून द्यावा. पान धुवावे, दोन्ही कडांचे दाते कापावेत, मग साल काढावी. साल काढताना तिच्या आतला हिरवट-पिवळा पापुद्राही जाऊ द्यावा. उरलेला पारदर्शक गर स्वच्छ पाण्याने दोनदा धुवावा. गराला पिवळी झाक असेल तर आणखी धुवावा. गर ताजाच वापरावा. उघडा राहिला की तो काळपट होतो आणि नासतो. शीतकपाट असेल तर झाकून दोन-तीन दिवस ठेवता येतो, अधिक नाही.

अंगाला लावण्याचे उपयोग

पहिल्या वेळी गर कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून एक दिवस पाहावे. खाज, लाली आली तर त्या माणसाने कोरफड वापरू नये. ज्यांना कांदा-लसणाच्या रसाने अंगावर उठते त्यांनी विशेष जपावे.

चुलीवर, तव्यावर हात भाजणे आपल्या बायकांना रोजचे. अशा वेळी पहिला उपाय कोरफड नव्हे, पाणी. भाजलेला भाग ताबडतोब साध्या गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. नळ नसेल तर तांब्याने सतत पाणी सोडत राहावे. बांगड्या, अंगठी सूज येण्यापूर्वी काढाव्यात. बर्फ, शाई, दातांची पेस्ट, तूप, हळद, माती यांपैकी काहीही लावू नये. एवढे केल्यावर, भाजलेली जागा लहान असेल, कातडी फुटलेली नसेल, तर स्वच्छ गराचा पातळ थर लावावा. आग कमी होते आणि कातडी कोरडी पडत नाही.

जागा भाजलेल्या माणसाच्या तळहाताहून मोठी असेल, फोड फुटले असतील, चेहरा, हात, पाऊल किंवा गुह्यभाग भाजला असेल, किंवा भाजलेले लेकरू अथवा म्हातारे माणूस असेल, तर घरी काहीही न लावता स्वच्छ फडक्याने सैल झाकून दवाखाना गाठावा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका यासाठीच आहे. परसातल्या पानाचा गर कितीही धुतला तरी निर्जंतुक नसतो, म्हणून खोल जखमेवर, विळ्याच्या कापावर, उघड्या फोडावर तो लावू नये.

भातलावणीत दिवसभर वाकून पाठ-मान उन्हाने रापते, हात खरखरीत होतात. संध्याकाळी अंघोळीनंतर गर लावल्यास आराम वाटतो. पण चिखलात उभे राहून पायांच्या बोटांत होणाऱ्या चिखल्यांना कोरफड लावू नये. चिखल्या ओलाव्यानेच वाढतात आणि गर म्हणजे ओलावाच. तेथे पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसणे, रात्री पाय उघडे ठेवणे आणि आरोग्य केंद्रातून बुरशीचे मलम आणणे हाच उपाय.

केसांना गर लावून अर्ध्या तासाने धुतल्यास केस मऊ होतात, कोरड्या डोक्याची खाज थोडी कमी होते. टकलावर केस उगवतात ही जाहिरातींतली गोष्ट. त्यासाठी पैसे घालवू नका.

पोटात घेण्यापूर्वी

कोरफडीचा चीक वाळवला की काळा बोळ होतो. जुन्या वैद्यकात त्याला मोठे स्थान आहे आणि जाणता वैद्य तो मात्रा मोजून, इतर औषधांबरोबर, माणूस पाहून देतो. घरी मात्र मात्रा मोजता येत नाही. कुठल्या पानात चीक किती, हे झाडाचे वय, ऋतू आणि पाणी यांवर बदलते. आज चमचाभर रसाने काही झाले नाही, म्हणून उद्याही होणार नाही असे नसते.

चिकाने आतड्यांना जोरात चालना मिळते. पोटात कळा येतात, जुलाब होतात, अंगातले पाणी आणि क्षार जातात. यासाठी पुढील माणसांनी कोरफडीचा रस पोटात घेऊच नये.

गरोदर बायकांनी घेऊ नये. चिकाने गर्भाशयाला कळा येण्याचा धोका असतो. अंगावर पाजणाऱ्या आईनेही टाळावा. बारा वर्षांखालील मुलांना देऊ नये. मूतखडा नसून मूत्रपिंडाचाच आजार असलेल्यांनी, आतड्याच्या जुन्या दुखण्याच्या रोग्यांनी घेऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर रसाने साखर आणखी खाली जाऊ शकते. हृदयाच्या किंवा लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जुलाबातून क्षार जाऊन त्या गोळ्या बाधू शकतात. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबही घेऊ नये. आणि पोट कशाने दुखते ते कळले नसताना कोणालाच रेचक देऊ नये, मग ते कोरफडीचे असो की दुकानातले. आंत्रपुच्छाला सूज असेल तर रेचकाने जीवावर बेतते.

लहान मुलांच्या खोकल्यावर कोरफडीचे पान भाजून, रस काढून मधातून चाटविण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. आजीने हे प्रेमानेच केलेले असते, पण त्यात दोन अडचणी आहेत. पान भाजल्याने चीक नाहीसा होतो असे समजू नये. आणि एक वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये. मधात क्वचित असे जंतू असतात की जे मोठ्या माणसाला बाधत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून त्याचे अंग लुळे पाडणारे विष तयार करतात. बाळाचा श्वास भरभर चालत असेल, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ते अंगावर पीत नसेल, तर तो साधा खोकला नव्हे. त्या वेळी चाटणात घालवलेली रात्र महाग पडते. रात्र असली तरी दवाखान्यात न्यावे.

बाहेरच्या जगातही याचा विचार झाला आहे. अमेरिकेत २००२ साली कोरफडीच्या चिकाची रेचके विनाचिठ्ठी विकणे सरकारने बंद केले, कारण ती सुरक्षित असल्याचा पुरेसा पुरावा पुढे आला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, साल व चिकासह काढलेल्या पूर्ण पानाच्या अर्काला माणसात कर्करोग करण्याची शक्यता असलेल्या पदार्थांच्या यादीत घातले. असा अर्क पाण्यातून दोन वर्षे पाजलेल्या उंदरांच्या मोठ्या आतड्यात गाठी आढळल्या होत्या. याचा अर्थ हाताला गर लावल्याने कर्करोग होतो असा नाही. संपूर्ण पान वाटून रोज सकाळी पेलाभर पिण्याची जी टूम निघाली आहे, ती सोडावी एवढाच त्याचा अर्थ.

राजस्थानात ग्वारपाठ्याची भाजी करतात, हे खरे. पण त्या सुगरणी पान सोलतात, गराच्या फोडी मिठाच्या पाण्यात उकळतात आणि ते पाणी फेकून देतात. चीक घालवायचा हे त्यांनाही पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

एकरभर लावावी काय?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो. कोणीतरी मोटारीतून गावात येतो, रंगीत कागद दाखवतो, 'रोपे आमच्याकडून घ्या, पाने आम्हीच विकत नेऊ' असे सांगतो. अशा वेळी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. दोन फुटांवर लावली तर एकरात जवळजवळ अकरा हजार रोपे बसतात. रोप पाच रुपयांना धरले तरी चोपन्न हजारांहून अधिक रुपये लावणीच्या दिवशीच गेले. पहिली पाने वर्षाने निघणार. पान कापल्यावर लवकर खराब होते आणि त्यात बहुतांश पाणी असते. म्हणजे कारखाना दूर असेल तर तुम्ही गाडीभाडे देऊन पाणीच वाहून नेणार. वर्षभराने तो माणूस पाने न्यायला आला नाही तर एकरभर कोरफडीचे घरात काय करणार? त्यातून आपला मुलूख अतिपावसाचा, म्हणजे या पिकाच्या स्वभावाविरुद्ध.

म्हणून रोपांचे पैसे देण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. खरेदीचा लेखी करार, त्यात लिहिलेला दर, माल शेतावरून उचलण्याची जबाबदारी कोणाची हे, आणि याआधी ज्यांच्याकडून प्रत्यक्ष माल नेला अशा दोन-तीन शेतकऱ्यांची गाठ. कागद तालुका कृषी कार्यालयात दाखवावा. औषधी वनस्पतींसाठी केंद्र सरकारने २००० साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन केले आहे, त्याच्या योजनांची चौकशीही तेथे करता येते. घाई करणाऱ्याला 'पुढच्या आठवड्यात ये' म्हणावे. खरा व्यापारी येतो.

त्यापेक्षा घरच्या बायकांनी दहा-वीस पिल्ले डब्यांत वाढवावीत. राजगड पाहायला येणारी मंडळी पालीच्या वाटेने जातातच. नीट रुजलेले रोप आणि सोबत 'पाणी कमी घाला' एवढी सूचना दिली तर चार पैसे सुटतील आणि नुकसान झालेच तर एका डब्याचे होईल.

घरात मात्र एक-दोन झाडे अवश्य असावीत. चुलीजवळच्या लहानसहान भाजण्याला, उन्हाने रापलेल्या कातडीला ती उपयोगी पडतात आणि मागत काही नाहीत. पाणी हात राखून घाला. पान कापाल तेव्हा गर ठेवा, चीक सांडा. हे घरातल्या पोरीबाळींनाही शिकवून ठेवा, कारण पान कापून आणायला बहुधा त्यांनाच पाठविले जाते.

पुढील अंकी परसातल्या गवती चहाविषयी पाहू.